प्रात्यक्षिकाने मोटारसायकल खपते काय?

नवी मोटारसायकल बाजारात आली की महिन्या-दोन महिन्यांत तिचा तंबू आपल्या भागात पडलाच म्हणून समजावे. टिळकवाडीत काँग्रेस रोडसारखा सरळ रस्ता आहे, मोकळी मैदाने आहेत आणि चालत जाण्याच्या अंतरावर कॉलेजे आहेत. तेव्हा कंपन्यांना ही जागा सापडली नसती तरच नवल. ध्वनिक्षेपकावर गाणी लागतात, कंपनीच्या रंगाची कापडी कमान उभी राहते, गणवेशातली मुले हेल्मेट हातात देऊन "एक फेरी मारून तर बघा" म्हणतात. फेरी मारणाऱ्यास टोपी किंवा किल्लीची साखळी मिळते आणि त्याबदल्यात त्याचे नाव, पत्ता व फोन नंबर लिहून घेतला जातो. काही कंपन्या कसरतपटू आणून एका चाकावर गाडी चालविण्याचे खेळही करून दाखवितात. गर्दी लोटते. आमच्या वर्गातील निम्मी मुले त्या गर्दीत असतात. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र तेथे एक हिशेबी प्रश्न पडतो. यातले कितीजण गाडी घेतात, आणि जे घेतात ते या फेरीमुळे घेतात काय?

प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि घोटाळा दुसऱ्या भागात आहे. समजा, एका रविवारी शंभर जणांनी फेरी मारली व पुढच्या महिन्यात त्यांपैकी बाराजणांनी ती गाडी घेतली. विक्रेता वरती कळवितो की शेकडा बारा यश आले. परंतु जो माणूस रविवारची सकाळ मोडून फेरी मारायला येतो, तो बहुधा आधीच गाडी घेण्याच्या विचारात असतो. त्या बारांपैकी नऊजण तंबू नसता तरी दुकानात जाऊन तीच गाडी घेणार होते असे धरले, तर प्रात्यक्षिकाची खरी कमाई तीन गाड्यांची. मंडपाचे भाडे, ध्वनिक्षेपक, पेट्रोल, मुलांचा रोजगार, टोप्या आणि फिरवून जुनी झालेली गाडी या सर्वांचा खर्च बारांवर न वाटता तिनांवर वाटला पाहिजे. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच. खर्चलेखा शिकताना आपण ज्याला वाढीव खर्च व वाढीव उत्पन्न म्हणतो ते इथेच लावायचे असते, आणि वरच्या साहेबाला दाखवायच्या तक्त्यात नेमके तेच लावलेले नसते.

आपल्या देशात एक काळ असा होता की प्रात्यक्षिकाची कल्पनाच हास्यास्पद ठरली असती. बजाज कंपनीने १९६० पासून इटलीच्या पियाज्जिओच्या सहकार्याने स्कूटर काढली, १९७२ मध्ये 'चेतक' आली, आणि परवाना पद्धतीच्या त्या दिवसांत तिची नोंदणी करून लोकांना वर्षानुवर्षे, काही वेळा दहा वर्षांपर्यंत, वाट पाहावी लागे. ज्याला माल हातात मिळण्याचीच भ्रांत, त्याला चालवून दाखवायचे कशाला? १९८४ ते १९८६ या काळात चित्र पालटले. इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आर.एक्स. १०० आणि कावासाकी बजाज अशा १०० सी.सी.च्या जपानी सहकार्याच्या गाड्या एकामागून एक आल्या व गिऱ्हाइकाला प्रथमच निवड मिळाली. त्यांपैकी हिरो होंडाची सी.डी. १०० लिटरला ऐंशी किलोमीटर जाते, पेट्रोल भरा आणि विसरून जा, अशा अर्थाच्या जाहिरातीवर गाजली.

ही जाहिरात येथे मुद्दाम आठवली. लिटरला ऐंशी किलोमीटर ही गोष्ट एका फेरीत दाखविता येत नाही. ती महिनाभर गाडी वापरलेला शेजारीच सांगू शकतो. बेळगाव-निपाणी भागातला गिऱ्हाईक गाडी घेताना काय विचारतो ते कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकावे: ॲव्हरेज किती, सुटे भाग इथे मिळतात की कोल्हापूर-हुबळीहून आणावे लागतात, मेस्त्रीला गाडी उघडता येते का, तीन वर्षांनी विकली तर किती येतील. या चारांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तंबूसमोरच्या फेरीत मिळत नाही. तिथे कळते ते एवढेच की गाडी झटकन उचलते, आवाज दमदार आहे, सीट उंच आहे की बुटकी आणि पाय टेकतात की नाही. म्हणजे प्रात्यक्षिक उत्तर देते ते बहुतांशी विशीतल्या मुलाच्या प्रश्नांना, आणि पैसे मोजणार असतो त्याचा बाप.

चालवून न पाहता लोक गाडी घेत नाहीत, हा समजही अलीकडच्या घटनांनी खोटा पाडला आहे. जावाचे उदाहरण घ्या. १९६१ साली म्हैसूरला सुरू झालेल्या आयडियल जावा कारखान्याची ही गाडी व तिची भावंडे असलेली येझदी आपल्या वडील पिढीने मनसोक्त चालविली. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या कंपनीने पुन्हा बाजारात आणले, तेव्हा दुकानांतून फेऱ्या सुरू व्हायच्या आत लोकांनी घरबसल्या पैसे भरायला सुरुवात केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबर अखेरीस पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा माल संपल्याचे कंपनीने जाहीर केले. हे यश कोणत्या प्रात्यक्षिकाचे? चाळीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी मामाने दारात उभ्या केलेल्या येझदीचे!

ओला इलेक्ट्रिकची गोष्ट आणखी बोलकी आहे. स्कूटर १५ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाली. सप्टेंबरात दोन दिवस विक्री खुली ठेवली आणि अकराशे कोटी रुपयांवर विक्री झाल्याचे कंपनीने सांगितले. सामान्य गिऱ्हाइकासाठी फेऱ्या सुरू झाल्या नोव्हेंबरात! पुढे दुरुस्ती व सेवेच्या तक्रारी इतक्या साचल्या की ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरच्या तक्रारींची संख्या दहा हजारांच्या वर होती. २०२५ मध्ये टी.व्ही.एस. आणि बजाज या जुन्या कंपन्या विजेच्या स्कूटरच्या विक्रीत तिच्यापुढे गेल्या. फेरीशिवाय माल खपू शकतो, पण सेवेशिवाय टिकत नाही, एवढे यातून दिसते.

आता उलट बाजू. हार्ले-डेव्हिडसनने २०१० पासून आपल्या देशात दुकाने उघडली. मालकांचे संघ, गोव्यातले मेळावे, एका जागी बांधलेली गाडी सुरू करून गिअर टाकून पाहण्याची सोय, असे कोणी केले नसतील इतके सोहळे या कंपनीने केले. चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या त्या अवजड गाड्या पाहायला रस्त्याच्या कडेला आम्हीही उभे राहिलो आहोत. दहा वर्षांनंतर २०१९-२० मध्ये या कंपनीच्या देशभर अडीच हजारांहूनही कमी गाड्या खपल्या आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिने येथले काम आवरते घेतले. पाहणारे लाख आणि घेणारे मूठभर. नंतर हिरो कंपनीशी करार झाला, जुलै २०२३ मध्ये एक्स ४४० ही गाडी सव्वादोन लाखांच्या आसपास किमतीला आली आणि महिन्याभरात पंचवीस हजारांच्या वर नोंदणी झाली. फेऱ्या त्यानंतर, सप्टेंबरात. नाव तेच, देश तोच. दहा वर्षांच्या मेळाव्यांनी जे झाले नाही ते किमतीने महिन्यात केले. अर्थात, त्या मेळाव्यांनी नाव लोकांच्या तोंडी ठेवले म्हणूनच स्वस्त गाडीवर उड्या पडल्या, असेही कोणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. परंतु मग ते प्रात्यक्षिक दहा वर्षे लांबीचे होते असे म्हणावे लागेल, आणि इतका दम धरणारा विक्रेता बेळगावात तरी सापडणे कठीण.

येथे बुलेटवाले मित्र हरकत घेतील. रॉयल एनफिल्डने २०१० मध्ये सुमारे पन्नास हजार गाड्या विकल्या आणि २०१८-१९ मध्ये आठ लाखांच्या वर. याच काळात कंपनीच्या हिमालयातल्या सफरी व गोव्यातला 'रायडर मेनिया' गाजला; तेव्हा सफरींनीच गाडी खपली असा सर्रास निष्कर्ष काढला जातो. पण २००९ मध्ये नव्या इंजिनाची 'क्लासिक' आली होती हे विसरून कसे चालेल? तेलाची गळती, उजव्या पायाचा गिअर, किक मारून मारून फुटलेली नडगी या जुन्या बुलेटच्या खोडी तिने घालविल्या. २०१३ मध्ये चेन्नईजवळ ओरगडमला नवा कारखाना निघाला आणि माल वाढला. सफरीला जातो तो बुलेटचा मालकच, म्हणजे ज्याने आधीच घेतली आहे तो. सफर त्याला कंपनीशी बांधून ठेवते, त्याच्या फोटोंमुळे चार मित्र चाळवतात. पण हे काम मैदानातल्या तंबूचे नव्हे.

मग प्रात्यक्षिक सर्वस्वी फुकट आहे काय? माझ्या मते नाही. जेथे गिऱ्हाइकाच्या मनात भीती असते तेथे ते उपयोगी पडते. बजाजने ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात 'फ्रीडम' ही सी.एन.जी.वर चालणारी जगातली पहिली मोटारसायकल आणली. दोन किलो गॅस, दोन लिटर पेट्रोल आणि दोन्ही मिळून ३३० किलोमीटर मजल, असे गणित मांडले. परंतु लोकांच्या मनातला पहिला विचार होता, बुडाखाली सिलिंडर घेऊन बसायचे? कंपनीने हे ओळखून समोरून धडक दिलेली व ट्रकखाली घातलेली गाडी लोकांना दाखविली आणि अकरा चाचण्यांचा गाजावाजा केला. याला मी खरे प्रात्यक्षिक म्हणतो, कारण त्यात एका खऱ्या शंकेला उत्तर आहे. असे असूनही काही महिन्यांतच, डिसेंबर २०२४ मध्ये, कंपनीला काही प्रकारांची किंमत पाच ते दहा हजारांनी उतरवावी लागली. भीती गेली म्हणजे पाकीट उघडतेच असे नाही. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये विजेवरची चेतक दिल्लीहून पुण्यापर्यंत यात्रा काढून आणली होती. विजेची गाडी वाटेत बंद पडते ही शंका फेडण्याचा तो मार्ग होता. टी.व्ही.एस. कंपनीने स्कूटीसाठी बायका-मुलींना गाडी शिकविण्याचे वर्ग काढले तेही याच जातीचे. ज्या मुलीला चालवायलाच येत नाही ती काँग्रेस रोडवर फेरी काय मारणार? तिला आधी शिकवा, मग ती गिऱ्हाईक होते. आधीच घेणाऱ्यांच्या नऊ-तीनच्या हिशेबातून हे वर्ग सुटतात, कारण येथे गिऱ्हाईक नव्याने घडते.

दोन गाड्यांमध्ये अडकलेल्याचाही निकाल फेरीने लागतो. त्याच्या यादीत दोनच नावे उरलेली असतात, किमतीत हजार-पाचशेचा फरक असतो, तेव्हा जिचा क्लच हलका ती जिंकते. म्हणून कंपन्या दुसऱ्याच्या तंबूनंतर आठवड्याच्या आत आपला तंबू टाकतात.

या साऱ्यात मानसशास्त्राचाही भाग आहे. काहनेमन, नेट्श आणि थेलर या तिघांनी १९९० साली प्रसिद्ध केलेले चहा-कॉफीच्या मगांचे प्रयोग अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना ठाऊक असतील. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना मग दिले. ज्यांना मिळाले ते तो विकायला जी किंमत मागू लागले ती बाकीचे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. हातात आली की वस्तू आपली वाटते. पेक आणि शू यांनी २००९ मध्ये तर नुसत्या स्पर्शानेही मालकीची भावना वाढते असे दाखविले. मोटारसायकलीवर नुसता स्पर्श नव्हे, सबंध देह बसतो. फेरी संपवून हेल्मेट काढताना मुलांचे चेहरे पाहिले म्हणजे गाडी परत देणे त्यांच्या जिवावर आले आहे हे कळते.

आणि नेमक्या त्याच क्षणी तंबूतले दुसरे टेबल पुढे येते. पहिल्या टेबलावर हेल्मेट मिळते, दुसऱ्यावर कर्ज. माझ्या मते तंबूचा खरा धंदा या दुसऱ्या टेबलावर चालतो, आणि वीस वर्षांच्या मुलांनी पाहायचे असेल तर तिकडे पाहावे. तिथे व्याजाचा दर सांगतात तो पुष्कळदा सपाट पद्धतीचा असतो. नव्वद हजारांचे कर्ज, तीन वर्षे, सपाट दहा टक्के. व्याज सत्तावीस हजार, एकूण परतफेड एक लाख सतरा हजार, मासिक हप्ता तीन हजार दोनशे पन्नास. ऐकायला दहा टक्के गोड वाटते. परंतु दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र मूळ नव्वद हजारांवरच चालू राहते. घटत्या शिलकीच्या पद्धतीने हाच हप्ता मांडला तर दर निघतो जवळजवळ अठरा टक्के. कोणीही कोष्टक घेऊन ताडून पाहावे. त्यावर कागदपत्रांचा खर्च, विमा आणि आजीवन कर आहेच. निपाणीकडची मंडळी कोल्हापूरचा भाव आणि बेळगावचा भाव शेजारी ठेवून पाहतात, कारण कर्नाटकातला गाडीचा कर महाराष्ट्रापेक्षा चढा आहे. सीमेवर राहणाऱ्याला हे गणित शाळेत शिकवावे लागत नाही.

सुदैवाने आपल्याकडे एक जुना अडसर आहे. कर्जाच्या टेबलावरच्या मुलाने कागद पुढे केला की मराठी माणूस म्हणतो, "घरात विचारून सांगतो," आणि कानडी माणूस म्हणतो, "मन्याग केळि हेळ्तेनरी." शब्दाला शब्द तेच. दोन्ही भाषा येत असल्याने मला हे दोन्हीकडून ऐकायला मिळते, आणि विक्रेत्याच्या मुलाचा पडलेला चेहराही दोन्हीकडे सारखाच. भाषेवरून आपल्या गावात पुष्कळ रणे माजली, पण घरात विचारण्याच्या बाबतीत सीमावाद नाही! घरी मग वडील मेस्त्रीला विचारतात. मेस्त्री हा शब्दही दोन्ही भाषांचा. ऑइलने काळे झालेले हात पुसत तो म्हणतो, "घ्या, पण त्या गाडीचे सामान लवकर मिळत नाही हं." झाले. लाखाच्या मंडपाचा निकाल एका वाक्यात लागतो. कॅट्झ आणि लाझर्सफेल्ड या अमेरिकन अभ्यासकांनी डिकॅटर नावाच्या शहरात केलेल्या पाहणीवर १९५५ साली पुस्तक लिहिले, त्यात हेच मांडले आहे की जाहिरातीपेक्षा ओळखीच्या जाणत्या माणसाचा शब्द खरेदीत अधिक चालतो. डिकॅटरला जाण्याची गरज नव्हती; आपल्या गल्लीच्या तोंडावरचे गॅरेज पुरे होते.

विक्रेत्यांना हे कळत नाही असे नव्हे. त्यांतले जाणते आता नव्या गाडीची माहिती द्यायला आधी मेस्त्रींना बोलावितात, चहा-नाश्ता देतात आणि इंजिन उघडून दाखवितात. गावोगावच्या फुकट तपासणी शिबिरात जुन्या गाडीचे ऑइल पाहून देता देता मालकाला नवी दाखविली जाते. तो आधीच गाडी वापरणारा आहे, तीन वर्षे झाली आहेत, उसाचे किंवा तंबाखूचे पैसे हाती यायचे दिवस आहेत. अशा शिबिरात गाणी नसतात आणि गर्दीही नसते.

खपाचा खरा झोत कशाने येतो ते २०२५ मध्ये सर्वांनी पाहिले. २२ सप्टेंबरला ३५० सी.सी. पर्यंतच्या दुचाकींवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या गाड्यांवरचा ४० टक्के झाला. दसरा-दिवाळी तोंडावर होतीच. त्या महिन्यात खानापूर रोडवरून जाताना दुकानांसमोर हार घातलेल्या गाड्यांची रांग दिसे. त्या रांगेतल्या कोणाला फेरी मारायला वेळ नव्हता, विक्रेत्यालाही नव्हता. तंबू पुन्हा पडू लागले ते सण आटोपल्यावर, जेव्हा दुकानातली गर्दी ओसरली आणि उरलेला माल दाखवायला माणसे हवी होती.